पुण्याच्या कुंभाराने बसविलेले नाक

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र व एक चित्र प्रसिद्ध झाले. चित्रातील माणसाचे नाव कावसजी. पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात तो इंग्रजी फौजेचे बैल हाकीत असता टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. नाक म्हणजे अब्रू असे मानणाऱ्या समाजात नकटा म्हणून जगणे किती कठीण, हे मराठी माणसास सांगावयास नको. असे एक वर्षाहून अधिक काळ गेल्यावर पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या एका कुंभाराने त्याला नवे नाक बसवून दिले.

ही रीत टॉमस क्रूसो व त्यांचे एक सहकारी या मुंबई इलाख्यातील डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली होती. प्रथम नाकाच्या आकाराचा मेणाचा पातळ पत्रा करीत. तो सपाट करून कपाळावर ठेवीत आणि त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवीत. मात्र दोन भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी मुळाशी जोडलेलीच ठेवीत. मग नाकाच्या खुंटाची जुनी कड ताजी करून, कातडी अर्धी वळवून तेथे बसवीत. सांध्यावर ओल्या काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या लावीत. चार दिवसांनी तुपात भिजविलेले कापड ठेवीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापून टाकीत.

कातडी कपाळाचीच का? आणि ती पट्टी का राखावयाची? पट्टीतून रक्त वाहत राही, म्हणून कातडी मरत नसे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र शास्त्राला फार उशिरा सापडले. इटलीच्या ताल्याकोत्सीने १५९७ च्या आपल्या ग्रंथात दंडाच्या कातडीने नाक करण्याची रीत दिली. परंतु दुसऱ्या माणसाची कातडी वापरण्यास त्याने नकार दिला. अनुभवाने कळले होते, कारण कळले नव्हते.

कारणाचा पहिला धागा १८८२ साली मेसिना येथे हाती लागला. मेचनिकॉफ या रशियन संशोधकाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तेव्हा फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या त्याला दिसल्या. परक्याला ओळखून गिळू पाहणाऱ्या या भक्षक पेशी होत. दुसरा धागा १९४३ चा. ग्लासगो येथे गिब्सन व मेडावर यांनी एका भाजलेल्या स्त्रीला तिच्या भावाची कातडी लावली. ती टिकली नाही. दुसऱ्यांदा लावलेली तर अधिक लवकर गळून पडली. शरीर परक्याची ओळख लक्षात ठेवते, हे त्यातून उघड झाले. या क्षेत्रातील कार्याबद्दल मेडावर यांना १९६० साली बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

मग निर्जीव वस्तूचे काय? तिला गिळता न आल्यास भक्षक पेशी एकमेकींत मिसळून राक्षसी पेशी होतात, आणि शेवटी त्या वस्तूभोवती तंतूंचे कवच तयार होते. तथापि याच पेशी मेलेला भाग साफ करतात व नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणे धाडतात. म्हणून त्यांना नुसते दडपून चालत नाही. जखम भरण्याचे काम त्यांच्याकडूनच करून घ्यावे लागते. वस्तूचा पृष्ठभाग, तिची छिद्रे, तिचा कठीणपणा यांवर त्यांचे वागणे अवलंबून असते. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे प्लॅस्टिकचे तुकडे डोळा सोसतो, हे पाहून हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडन येथे पहिले कृत्रिम नेत्रभिंग बसविले. १९९० साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची स्वदेशी हृदयझडप प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसली.

पुण्याच्या रीतीचा मागोवा घेत लंडनच्या कार्प्यू यांनी १८१४ साली हीच शस्त्रक्रिया केली व १८१६ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथून ती युरोपभर पसरली. त्या छापील पत्रात कावसजीचे नाव आहे, डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने नाक बसविले, त्या कुंभाराचे नाव मात्र नाही. आपली कातडी आपल्यालाच धार्जिणी, एवढे तो जाणून होता. लिहून ठेवणे त्याच्या हाती नव्हते. आणि ज्यांच्या हाती होते, त्यांना त्याचे नाव विचारावेसे वाटले नाही.