विश्वचषकाचे तिकीट गावाचा पत्ता विचारत नाही

फुटबॉलची मोठी स्पर्धा जवळ आली की राणीसावरगावात काय किंवा गंगाखेडात काय, एक मत ठामपणे ऐकू येते. ते मांडणारी माणसे समंजस आहेत, म्हणून आधी त्यांची बाजू नीट मांडतो. ते म्हणतात, अशा सामन्यांची तिकिटे सामान्य माणसाच्या हाती लागतच नाहीत. ती वशिल्याने मिळतात, नाहीतर दलालाकडून. मिळाली तरी खर्च झेपत नाही. आणि परभणी जिल्ह्याच्या एका टोकाला राहून एवढा प्रवास आखणे हे आपले काम नव्हे, ते मुंबई-पुण्याच्या लोकांचे. तेव्हा शहाण्याने टीव्हीसमोर बसावे. फारच हौस असेल तर एखाद्या पर्यटन कंपनीचे पॅकेज घ्यावे.

मत पोक्त वाटते. पुराव्यासमोर मात्र ते उभे राहत नाही.

अंतराचा आक्षेप आधी घेतो, कारण त्याचाच धाक सर्वांत मोठा आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. सहा शहरांपैकी एक होते नवी मुंबई. न्यूझीलंड-तुर्कस्तान हा सलामीच्या दिवशीचा सामना आणि माली-स्पेन ही उपांत्य लढत नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाली. आता रस्ता पाहा. राणीसावरगावहून गंगाखेड, गंगाखेडला नांदेड-पनवेल गाडी, परळी, लातूर, कुर्डुवाडी, पुणे करत पनवेल आणि तिथून हार्बरच्या लोकलने नेरूळ. बोरिवलीच्या माणसालाही नेरूळला यायला गाडी बदलावीच लागते. मग दूर कोण राहिले? २०२२ साली मुलींच्या याच वयोगटाच्या विश्वचषकाची अंतिम लढत, स्पेन विरुद्ध कोलंबिया, ३० ऑक्टोबरला त्याच मैदानावर झाली. जागतिक विजेतेपदाचा सामना आपल्या रेल्वेमार्गाच्या शेवटच्या स्थानकापलीकडे काही लोकल थांब्यांवर होता, आणि आपण म्हणत होतो, हे आपल्यासाठी नाही.

आता वशिला. २०१७ ची तिकिटे संकेतस्थळावर खुली विकली गेली. एकूण १३,४७,१३३ प्रेक्षक मैदानांवर आले. या वयोगटाच्या विश्वचषकाचा तो विक्रम ठरला. एवढ्या सगळ्यांचा वशिला कुठून आला असेल? २०२६ च्या मुख्य विश्वचषकासाठी तर फिफाने टप्प्याटप्प्याने सोडतच काढली. सोडतीला आडनाव कळत नाही, गावही कळत नाही. तिकीट नको झाले तर ते विकायचा अधिकृत मार्गही फिफाने ठेवला. तिथे विकणारा आणि घेणारा या दोघांकडूनही १५-१५ टक्के कापले जातात, हे मला अन्यायाचे वाटते आणि ते सांगितलेच पाहिजे. पण महाग नियम आणि बंद दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खर्चाच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जातो. २०२६ ची स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको अशा तीन देशांतल्या १६ शहरांत आखलेली. व्हँकुव्हरपासून मायामीपर्यंत विमानाशिवाय गत्यंतर नाही. तिकिटांचे दर मागणीनुसार चढणारे. शिवाय तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. तिकीटधारकांना अमेरिकी मुलाखतीची तारीख लवकर मिळण्याची सोय झाली, व्हिसाची हमी नाही. पण एका महागड्या स्पर्धेवरून सगळ्याच स्पर्धांचा निकाल कसा लावता? २०२२ मध्ये कतारला साखळी सामन्याचे परदेशी प्रेक्षकासाठी सर्वांत स्वस्त तिकीट २५० रियालचे, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेपाच हजार रुपयांचे होते. आठही मैदाने दोहाच्या आसपास. हय्या कार्ड हाच प्रवेशाचा परवाना, आणि ते असले की मेट्रो फुकट. खर्च ठरतो तो कोणती स्पर्धा निवडली यावर. २०२७ चा आशियाई चषक सौदी अरेबियात आहे, २०३४ चा विश्वचषकही तिथेच.

सौदीचे नाव घेतल्यावर गावाच्या माणसाला आखणी जमत नाही, हे म्हणणे तर टिकतच नाही. परभणी जिल्ह्यातले हाजी तिथे जातात. हज कमिटीचा अर्ज, पासपोर्ट, कुर्ऱ्याची म्हणजे सोडतीची वाट, हप्त्यांनी भरायची रक्कम, लसीकरण, विमानतळापर्यंतचा प्रवास, हे सारे शेती करणारी, दुकान चालवणारी माणसे पार पाडतात. श्रद्धेची यात्रा आणि खेळाची हौस यांची बरोबरी मी करत नाही. पण सोडत, कागदपत्रे आणि परदेशवारी ज्या जिल्ह्याला ठाऊक आहे, त्याला हे जमणार नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

राहिला पॅकेजचा सल्ला. त्यात एक गृहीत दडलेले आहे: दुसऱ्याच्या हाती पैसे दिले की अनिश्चितता संपते. २०१७ ची ब्राझील-इंग्लंड उपांत्य लढत आठवा. ती गुवाहाटीला होती. पावसाने मैदान खराब झाले आणि अवघे दोन दिवस आधी सामना कोलकात्याला हलवला गेला. ज्याने गुवाहाटीचे परत न मिळणारे विमान-तिकीट आणि हॉटेल आधीच घेऊन ठेवले असेल, त्याचे काय झाले असेल? कंपनीने काढले काय आणि स्वतः काढले काय, अशा वेळी कामाला येते ती रद्द करण्याची अट. म्हणून आधी पासपोर्ट, मग अधिकृत तिकीट, मग व्हिसा. राहण्याची जागा परतावा मिळेल अशीच घ्यावी आणि विमानाचे पैसे सर्वांत शेवटी भरावेत. तरीही कुणाला पॅकेजच हवे असेल तर त्याने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तिकीट अधिकृत विक्रेत्याकडचे आहे का, ते कोणत्या सामन्याचे आणि कोणत्या श्रेणीचे आहे, आणि व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळेल. ही उत्तरे कागदावर येईपर्यंत आगाऊ एक रुपयाही देऊ नये.