रंगरेजाची तुरटी आणि कारखान्याचे पाणी

उर्दूत जिला फिटकरी म्हणतात ती मराठीत तुरटी. मराठीने तिचे नाव चवीवरून ठेवले. दाढी झाल्यावर गालावर फिरवायला आणि पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत फिरवायला, एवढाच तिचा उपयोग आज घरोघरी उरला आहे. पण पूर्वी या तुरटीचे मोठे गिऱ्हाईक होते रंगरेज. कच्छमधून, पंजाबातल्या कालाबागेतून ती बाजारात येई आणि रंगरेजाच्या हंड्यात पडे. तिच्याशिवाय कापडावर लाल रंग टिकत नसे.

आज कापड कारखान्यांच्या रंगीत सांडपाण्यातून रंग काढण्यासाठी विजेचा वापर करतात. त्या पद्धतीच्या मुळाशीही तुरटीतलाच धातू आहे. कापडावर रंग धरून ठेवणारा पदार्थ पाण्यातून रंग ओढून काढायलाही उपयोगी पडतो, हे कसे, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमचे देऊळगाव राजा वऱ्हाडाच्या काठावर, मराठवाड्याला लागून आहे. या पट्ट्यात रंगाईचा धंदा करणाऱ्या जमाती अनेक. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर 1916 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मुसलमान रंगरेज, हिंदू रंगारी आणि निळीचे काम करणारे निराळी अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) आजही रंगार गल्ली आहे. विदर्भात रंगारी आडनावाची माणसे गावोगाव भेटतात. धंदा गेला, नाव राहिले.

लाल रंग यायचा आल नावाच्या झाडाच्या मुळांतून. मराठीत त्याला बारतोंडीही म्हणतात. वऱ्हाडात आणि बुंदेलखंडात त्याची लागवड होत असे. तीनेक वर्षांची मुळे खणायची, कुटायची, पाण्यात उकळायची. त्याआधी कापड तेलात आणि तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायचे. नुसत्या मुळांच्या काढ्यात कापड बुडवले तर पहिल्या धुण्यात रंग उतरतो. तुरटीतला ॲल्युमिनियम एका बाजूने सुताला धरतो, दुसऱ्या बाजूने रंगाला. दोघांचा हात एकमेकांच्या हातात देणारा हा मध्यस्थ. ॲल्युमिनियम हा शब्द रंगरेजाला ठाऊक नव्हता, पण त्याचे काम त्याला पक्के माहीत होते.

निळीला मात्र तुरटी लागत नाही, तिची तऱ्हा वेगळी. शब्द म्हणूनही तिचा प्रवास पाहण्यासारखा आहे. संस्कृत 'नील' अरबीत 'अन-नील' झाला, तिथून स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडी 'अनिल' झाला. पुढे युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी निळीपासून एक तेलकट पदार्थ काढला, त्याचे नाव या शब्दावरूनच 'ॲनिलीन' पडले. 1856 साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन ॲनिलीनवर प्रयोग करत होता. त्याला कोयनेल बनवायचे होते, हाती आला जांभळा रंग. तिथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले.

1868 मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांतला लाल रंग, म्हणजे अलिझरीन, प्रयोगशाळेत तयार केला. काही वर्षांतच तो डब्यांतून हिंदुस्थानात येऊ लागला. आलची मुळे तीन वर्षे वाढवत बसायला मग कोण तयार होणार? 1897 मध्ये जर्मन कंपनी बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि निळीची शेतीही मोडली. वऱ्हाडातला रंगरेज कोणत्या लढाईत हरला नाही. परदेशातल्या प्रयोगशाळेत लागलेल्या शोधाने त्याचे दुकान बंद केले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुने ते सगळे चांगले, असा सूर आपल्याकडे लगेच लागतो. पण कृत्रिम रंगांमुळेच गरिबाच्या अंगावर स्वस्त रंगीत कापड आले. ईदेला पोराला लाल सदरा आणि पोरीला हिरवा फ्रॉक घेणे मजुराला परवडू लागले ते या रंगांमुळे. आलच्या मुळांवर आज देशाचे कपडे रंगवता येणार नाहीत.

अडचण दुसरीकडे आहे. 1956 साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने 'प्रोसियन' नावाचे रंग आणले. हे रंग सुती धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडतात, मध्यस्थ लागत नाही. म्हणून ते पक्के. पण हंड्यातला सगळा रंग धाग्याला लागत नाही. काही पाण्याशीच संयोग पावतो आणि निकामी होऊन वाहून जातो. हा वाया जाणारा भाग पाचव्या हिश्श्यापासून कधी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असतो. शिवाय रंग सुतावर चढावा म्हणून पाण्यात मीठ घालतात, एक किलो कापडामागे अर्धा किलोहून अधिक. तेही गटारात जाते. रंग ऊन, साबण, घाम यांना दाद देऊ नये म्हणून बनवलेला असतो, त्यामुळे नदीतले जीवाणूही त्याचे फारसे काही करू शकत नाहीत. गिऱ्हाईक ज्याला 'पक्का रंग' म्हणून वाखाणते, तोच पक्केपणा नदीच्या मुळावर येतो.

महाराष्ट्रात हे पाहायचे तर इचलकरंजीला जावे. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, संस्थानिक नारायणराव घोरपडे यांनी पाठबळ दिले आणि गाव 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणून नावारूपाला आले. मागांच्या मागोमाग रंगाई आणि प्रक्रियेचे कारखाने आले. गावातून वाहणाऱ्या एका ओढ्याचे नावच 'काळा ओढा' पडले. तो पंचगंगेला मिळतो. पंचगंगेच्या प्रदूषणात घरगुती मैलापाण्याचाही मोठा वाटा आहे. 2012 च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची जी साथ आली ती मैलापाण्यातून पसरली होती, रंगातून नव्हे. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकून चालणार नाही. पण तो पाण्यात सूर्यप्रकाश शिरू देत नाही, आणि काही ॲझो रंग फुटून कर्करोगाला कारण होणारे घटक तयार होतात. अशा अनेक रंगांवर भारताने 1990 च्या दशकातच बंदी घातली.

आता विजेकडे येऊ. घागरीत तुरटी फिरवली की गढूळ कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. कारखान्यातही पोत्याने तुरटी टाकून हेच करता येते. विजेच्या पद्धतीत तुरटी न टाकता ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या रंगीत पाण्यात उभ्या करतात आणि त्यांतून एकाच दिशेचा प्रवाह सोडतात. धन बाजूची पट्टी हळूहळू विरघळते. सुटलेला धातू पाण्याशी मिळून कापसासारखे पुंजके बनवतो, रंग त्यांना चिकटतो. ऋण बाजूला हायड्रोजनचे बारीक बुडबुडे उठतात, ते काही पुंजके वर फेसात आणतात. बाकीचे तळाशी बसतात. किती धातू सुटेल याचा हिशेब फॅरेडेने 1834 मध्येच मांडून ठेवला आहे: 100 ॲम्पिअरचा प्रवाह तासभर सोडला तर सुमारे 33 ग्रॅम ॲल्युमिनियम. जे मीठ एरवी डोकेदुखी ठरते, ते इथे वीज वाहायला मदत करते.

ही कल्पनाही नवी नाही. 1889 च्या सुमारास लंडनच्या क्रॉसनेस येथे विल्यम वेब्स्टरने लोखंडी पट्ट्या आणि वीज वापरून शहराचे मैलापाणी साफ करण्याचा प्रयोग केला होता. वीज महाग होती म्हणून तो मागे पडला.

तरी या पद्धतीला जादू समजू नये. पट्ट्यांवर थर चढतो, प्रवाहाची दिशा अधूनमधून बदलावी लागते, पट्ट्या झिजल्या की नव्या घ्याव्या लागतात. पाण्याची आम्लता जमवावी लागते, नाहीतर सहज विरघळणारे रंग निसटतात. निघालेला रंगीत गाळ ओढ्याकाठी टाकला तर केलेले सगळे फुकट. आणि मीठ पाण्यातच राहते. फिक्हच्या किताबांत पाणी पारखताना तीन गोष्टी पाहायला सांगतात: रंग, वास आणि चव. विजेने रंग जातो, वासही कमी होतो, पण पाणी खारट ते खारटच. शेताला ते चालत नाही. मीठ काढायला पुढची, आणखी महाग यंत्रे लागतात.

म्हणजे प्रश्न शेवटी पैशाचा आहे. 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या तिरुपूरचे रंगाई कारखाने नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी बंद करायला लावले. हजारो मजुरांची रोजी एका निकालाने अडकली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथे कापडावर जगणाऱ्यांत आपले लोक फार मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे 'नियम कडक केले तर गरीब मरेल' हा युक्तिवाद आपल्याला लगेच पटतो. पण नदीकाठी विहिरीचे पाणी पिणाराही गरीबच असतो. एकाच्या रोजीसाठी दुसऱ्याचे पाणी नासवावे, असे कुठल्याच धर्माने सांगितलेले नाही.

लहान कारखानदाराला एकट्याने हा खर्च झेपणार नाही, हेही खरे. म्हणून सामाईक सांडपाणी केंद्रे हवीत, त्यांत सरकारचा वाटा हवा, आणि पाणी साफ करण्याचा खर्च कापडाच्या मजुरीच्या दरात वेगळा धरला जायला हवा. आज तो कुणाच्याच हिशेबात नसतो, म्हणून ओढ्याच्या नावावर जातो. रंगरेज दर ठरवताना तुरटीची किंमत धरत असे, कारण तिच्याशिवाय रंगाई पुरी होत नव्हती. आजची रंगाईही पाण्यातून रंग काढल्याशिवाय पुरी होत नाही, हे एकदा मान्य केले तर पुढचा हिशेब अवघड नाही.