कागदाचा प्रवास

कचेरी मोठी झाली कीं एकाच कामाला अनेक हात लागतात. आणि एका हातानें केलेलें दुसऱ्यास कळावें कसें, हा प्रश्न उभा राहतो. राज्यकारभाराच्या इतिहासाचा बराच भाग या एका प्रश्नाच्या उत्तरांत सामावलेला आहे.

पेशव्यांच्या पुण्यांतील हुजूर दफ्तराच्या चालतें दफ्तर व एकबेरीज दफ्तर अशा दोन शाखा होत्या. पहिलींत रोजचीं कामें निघत. दुसरींत सर्व हिशेबांचा ताळा जमे. पत्र लिहिणारा एक, शेरा करणारा दुसरा, मोर्तब करणारा तिसरा. कागद पुढें जाई तो एकाच्या लहरीवर नव्हे, अनेकांच्या साक्षीनें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि मराठी कारकून इंग्रजी अमलांतील कचेऱ्यांत शिरला. मुंबईंत गिरगांवच्या चाळी अशा नोकरदारांनीं भरल्या. रोज सकाळीं ते कोटाची वाट धरीत. तेथें आवक-जावकाची वही, लाल फितीची फाईल आणि ती या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा पट्टेवाला, हीच यंत्रणा होती. १८८२ सालीं शहरांत टेलिफोन आला. त्यानें निरोप जलद नेला. परंतु बोललेल्या शब्दाचा शेरा मागें उरत नसे. म्हणून फाईलीचें राज्य अबाधित राहिलें.

१९८० नंतरच्या दशकांत मुंबईंतच जुहूचें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व पवईची आयआयटी यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून संगणकी टपालाची देवघेव सुरू झाली. आतां निरोप वेगानें जाऊं लागला आणि लिहिलेला उरूंही लागला.

तथापि सरकारी फाईल कागदाचीच होती. २१ जून २०१२ रोजीं मंत्रालयास आग लागली. पांच माणसें दगावलीं. मजलेच्या मजले जळाले आणि त्यांबरोबर फाईलींचे ढीगही. गिरगांवच्या भाडेकरूस या राखेचा अर्थ सांगावा लागत नाहीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून त्याचें घर पावती, नोंद व अर्ज यांवरच उभें आहे. जुनी चाळ पाडून नवी इमारत व्हावयाची, तर त्याचा हक्क कागदानेंच ठरतो.

नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरची ‘ई-ऑफिस’ ही प्रणाली अशा कचेऱ्यांसाठींच आहे. तींत टिपणी संगणकावर लिहिली जाते. कोणी, केव्हां, काय शेरा केला आणि फाईल कोणापाशीं थांबली, हें नोंदलें जातें. हुजूर दफ्तरांतील साक्षीची जुनी रीतच येथें नव्या वेषांत आली आहे.

फाईल कोठें अडली, हें यंत्र सांगतें; ती पुढें सरकविणें मात्र त्याच्या हातीं नाहीं. तो शेरा अद्यापि माणसासच करावा लागतो, आणि गिरगांवचा भाडेकरू वाट पाहतो ती त्याचीच.