बागेतून बशीत : गुलाबाची वाट

मराठीत ‘वाडी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक लहानशा वस्तीचा आणि दुसरा बागेचा. वसईकडचा शेतकरी ‘वाडीत जातो’ म्हणतो, तेव्हा तो केळीला वा फुलझाडांना पाणी सोडायला निघालेला असतो. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने जाणारी लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. तेथे आज दाट वस्ती आहे. वाडी उरली आहे ती गॅलरीतल्या कुंड्यांपुरती. त्या कुंड्यांत तुळशीच्या शेजारी गुलाबाचे एखादे रोप हमखास दिसते. त्याला फूल आले की घरधनीण ते पाहून सुखावते, घरात वाढदिवस असला तर पेल्यात ठेवून टेबलावर मांडते. शेजारी बश्यांत वडे, वेफर्स, सँडविच. फूल डोळ्यांसाठी आणि खाणे जिभेसाठी, अशी आपली सरळ वाटणी झालेली आहे. ही वाटणी मात्र फार जुनी नाही.

‘गुलाब’ हा शब्दच याची साक्ष देतो. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. इराणात आजही ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे पाण्याचे नाव फुलाला चिकटले. दूध आवडले म्हणून गाईलाच ‘दूध’ म्हणावे, तसा हा प्रकार! याचा अर्थ उघड आहे. या फुलाची ओळख आपल्याला बागेपेक्षा बाटलीतून आणि सरबतातून अधिक झाली.

ज्या इराणातून हा शब्द आला, त्या देशाशी कल्याणचे नाते प्राचीन आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात ‘कल्लिएना’ बंदराचा उल्लेख येतो. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवासी लेखकाने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नोंदवले आहे. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे दहाव्या शतकापर्यंत इराणच्या फार्स प्रांतातील जूर या गावाचे गुलाबपाणी हिंदुस्थान आणि चीनपर्यंत जाऊ लागले होते. अरब भूगोलकारांनी त्याची मुद्दाम दखल घेतली आहे.

गुलाबाच्या इतिहासातील सर्वांत रम्य प्रसंग मात्र घरगुती आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की नूरजहानची आई गुलाबपाणी करीत असताना गरम पाणी ओतलेल्या भांड्यांवर एक तवंग जमला. तिने तो थोडा थोडा गोळा केला आणि त्याचे अत्तर झाले. बादशहाने तिला मोत्यांचा हार दिला. अत्तराला मात्र नाव मिळाले ‘इत्र-ए-जहांगिरी’. शोध बाईचा आणि नाव बादशहाचे, हेही ओळखीचेच म्हणायचे.

मराठी दरबारांतही अत्तर-गुलाब आणि पानसुपारी झाल्याशिवाय समारंभ पुरा होत नसे. लग्नात दारावर उभे राहून पाहुण्यांवर गुलाबदाणी शिंपडण्याची रीत त्याच थाटाचा उरलेला अंश. पाहुणा आला की गुलाब त्याच्या अंगावर पडे, पेल्यात उतरे, गुलकंद होऊन विड्यात जाई. ‘रोझरी’ या शब्दाचे मूळही गुलाबाच्या बागेत आहे. लॅटिनमध्ये ‘रोझारियुम’ म्हणजे गुलाबवाटिका.

बशीतल्या पदार्थांची वाट मुख्यतः समुद्राची. पोर्तुगीज 1534 ते 1739 या काळात वसईत होते. मिरची, काजू ही अमेरिकेची पिके पोर्तुगीजांबरोबर आली. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्द त्यांचेच. आमच्या लग्नघरांतले फुगे, म्हणजे ताडीने आंबवलेले पीठ मुठीतून दाबून तेलात सोडायचे, हेही त्या संगमाचे अपत्य. कल्याणात तर 1960 च्या दशकाच्या अखेरीस एका कुटुंबाने घराच्या रस्त्याकडील खिडकीतून वडे द्यायला सुरुवात केली आणि ‘खिडकी वडा’ हे नावच पडले. घरच्या कढईतून थेट पाहुण्याच्या हातात!

विठ्ठलवाडीला लागून असलेल्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ झाले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत संसार मांडलेल्या या माणसांनी पाहुण्याला पाणी देताना सोबत भाजलेला पापड द्यायचे सोडले नाही. त्यांच्या ‘थाडल’ या पेयात बदाम, खसखस, मिरी यांच्या बरोबरीने गुलाबाच्या पाकळ्या वाटल्या जातात. घरदार गेलेल्यांनी गुलाब पेल्यात जपला, ही गोष्ट मला अत्तराच्या शोधाहून मोठी वाटते.

मग बाग आणि बशी यांची ताटातूट केव्हा झाली? अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाब कलकत्त्यामार्गे युरोपात पोहोचले. त्यांचा गुण असा, की ते पुन्हा पुन्हा फुलत. उत्तरेकडचा ‘चैती’ गुलाब वर्षातून एकदाच बहरतो. या संकरांतून 1867 साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ ही जात निघाली. पहिला ‘हायब्रिड टी’ गुलाब म्हणून ती ओळखली जाते. पुढे बाजारासाठी निवड होत गेली ती मोठ्या आकाराची, लांब दांड्याची, टिकाऊपणाची. त्यात कित्येक जातींचा वास हरवला. आज तळेगाव-मावळच्या हरितगृहांतून व्हॅलेंटाइन दिनासाठी परदेशी जाणारे गुलाब देखणे खरे, पण त्यांना नाक लावून पाहावे! शिवाय बाजारच्या फुलांवर कीटकनाशकांचे फवारे मारलेले असतात. ती फुले खाण्याची नव्हेत. गहू-संशोधक डॉ. बी. पी. पाल हे हौशी गुलाबकारही होते. त्यांनी 1962 मध्ये आपल्या एका गुलाबाला ‘रोझ शरबत’ हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात जुनी आठवण जागी असावी.

गॅलरीतल्या बागाइताला येथे बाजारापेक्षा मोठी सोय आहे. गावठी, वासाचा गुलाब कुंडीत लावावा, औषध मारू नये. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा पुष्कळदा पुरतो. पाकळ्या धुऊन कोरड्या कराव्यात, काचेच्या बरणीत दुप्पट साखरेबरोबर थर द्यावेत आणि बरणी दोन-तीन आठवडे उन्हात ठेवावी. हा गुलकंद घट्ट चक्क्यात कालवून खाऱ्या बिस्किटावर ठेवला, वर काजूचा तुकडा लावला, की चूल न पेटवता वीस पाहुण्यांची सोय होते. बिस्किटे आयत्या वेळी भरावीत, नाहीतर मऊ पडतात. हायब्रिड गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून करतात आणि त्यानंतर साधारण दीड महिन्याने फूल येते. नाताळच्या टेबलावर फूल हवे असेल, तर कात्री नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चालवावी.