शिसवी गिटारीची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेस परतणाऱ्या गोऱ्या पलटणींना आगबोटीची वाट पाहत राहता यावे म्हणून इंग्रज सरकारने देवळालीस छावणी वसवली, आणि तिच्या मागोमाग मुंबईच्या पारशी, गुजराती व अन्य तालेवार कुटुंबांनी लाम रोडच्या आसपास आपले बंगले आणि आरोग्यभुवने उभारली, तेव्हा त्या वास्तूंत जे सामानसुमान आले, त्यांत शिसवी पलंग, शिसवी कपाटे आणि कोरीव पाठीच्या शिसवी खुर्च्या यांचा भरणा मोठा होता. मुंबईच्या सुतारांनी घडवलेले हे काळसर सामान त्या काळी इंग्रजी व्यापारात ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने प्रसिद्ध होते. अशाच एका मोडीत निघालेल्या पलंगाच्या लाकडापासून एका कारागिराने हाताने घडवलेली गिटार माझ्या लहानशा वाद्यसंग्रहात नुकतीच दाखल झाली. आणि मिरजेच्या तंबोऱ्याशेजारी तिला जागा करून देताना तिचे कुळ कोठले, याचा शोध घेणे मला अगत्याचे वाटले.

गिटारीची वंशावळ सांगताना वादकांची नावे घेण्याची वहिवाट आहे. तीही शाखा समृद्ध आहे. १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांनी संतूर आणि बासरी यांच्या बरोबरीने गिटारीवर राग वाजवला, तेव्हा या वाद्याला आपल्याकडे नवे घर मिळाले. पण माझ्या मते वाद्याचे खरे कुळ ज्या हातांनी ते घडते त्या हातांच्या पेशात पाहावे, आणि तसे पाहिले असता गिटार ही सुताराघरची लेक ठरते.

याचा दाखला एका जुन्या तंट्यात मिळतो. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खेन या गावी १७९६ साली एका सुताराच्या घरी जन्मलेला ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन व्हिएन्नास योहान गेऑर्ग स्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या हाताखाली हुन्नर शिकून गावी परतला, तेव्हा तेथील व्हायोलिनकारांच्या संघाने १८२६ साली सरकारदरबारी अर्ज गुदरला, की वाद्ये बनवण्याचा हक्क केवळ आमचा असून कपाटे जोडणाऱ्या सुतारांना गिटार बनवण्याची मनाई व्हावी. निकाल अखेर सुतारांच्या बाजूने लागला. तथापि त्या कलहाला विटलेला मार्टिन १८३३ साली न्यूयॉर्कला गेला आणि पुढे पेन्सिल्व्हेनियातील नाझारेथ येथे स्थिरावला. त्याच्या कारखान्यात १८४० नंतरच्या दशकात तबलीच्या, म्हणजे पुढल्या पातळ फळीच्या, आतल्या अंगाला फुलीच्या आकारात पट्ट्या बसवण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्याच बळावर पुढे, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताचे वेड पसरून आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारांची मागणी वाढली, तेव्हा हे वाद्य तो ताण सोसू शकले. सहा पोलादी तारांची एकत्रित ओढ सत्तर किलोच्या आसपास असते आणि तिला तोंड देणारी तबली जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे सुताराच्या जोडकामाचे मोल कळते.

आवाज उपजतो तो तबलीतूनच. स्पेनचा अंतोनियो दे तोरेस याने १८६२ साली हे सिद्ध करण्यासाठी पाठ आणि बगला चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि केवळ तबली लाकडाची ठेवली. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. मग शिसवाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. तबली स्वर उत्पन्न करते, परंतु शिसवासारख्या घट्ट व जड लाकडाची पाठ त्या स्वराची शक्ती शोषून न घेता परत लोटते, आणि त्यामुळे खर्जाच्या तारेचा नाद अधिक काळ टिकतो, असे कारागीर मानतात. माझ्या कानांची साक्षही त्यांच्याच बाजूने आहे.

माझ्या गिटारीसाठी पलंगाच्या उशाकडील जाड फळी कारागिराने प्रथम उभी धरून तिच्या रेषा पाहिल्या. रेषा पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या नसतील, तर पातळ केल्यावर ते लाकूड हवामानाबरोबर वाकते. त्या योग्य आढळल्यावर फळी चिरून निघालेले दोन पातळ पत्रे त्याने पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून सरसाने जोडले, त्यामुळे पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जांभळट काळ्या रेषांची सारखीच नक्षी उमटली. पलंगाच्या लांब पट्ट्यांतून बगला निघाल्या. त्या दोन मिलिमीटरांपर्यंत रंधून, ओल्या करून, तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वळवल्या गेल्या, आणि रंधताना पडलेल्या भुश्शाला जो गोडसर वास सुटला होता, तोच वळवतानाच्या वाफेतून खोलीभर पसरला. पाठीच्या खालच्या टोकाशी पितळी स्क्रूचे एक जुने भोक होते. ते त्याने बुजवले, लपवले नाही.

मिरजेचा तंबोराही अशाच शेजारच्या पेशातून जन्मला. तो पेशा शिकलगारांचा, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचा. संस्थानी फौजा मोडल्या आणि हत्यारांचे काम घटले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांचे काम हाती घेतले, आणि पंढरपूरच्या मुलखात पिकणाऱ्या मोठ्या भोपळ्यांवर त्या घराण्याने जी विद्या उभारली, तिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरवारीची धार पाहणारी नजर तंबोऱ्याच्या घोडीला जवारी लावण्याच्या कामी आली. पुण्यास दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहात वाद्ये, कोरीव दरवाजे आणि अडकित्ते एकाच छपराखाली आणले, त्यातील औचित्य मला आता अधिक उमगते.

ज्या शिसवाची आपण पिढ्यान्‌पिढ्या कपाटे केली, त्याची महती परदेशी गिटारकारांना मात्र उशिरा कळली. त्यांची सारी भिस्त ब्राझीलच्या शिसवावर होती. त्या देशाने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा १९६९ साली मार्टिनच्या वंशजांचा कारखाना भारतीय शिसवाकडे वळला. १९९२ साली ब्राझीलच्या शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद झाला. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या जातींच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कच्च्या लाकडावरील बंधन राहिले ते योग्यच झाले, कारण शिसव सावकाश वाढणारा वृक्ष आहे.

असे असता आपल्याकडे जुने बंगले पाडले जातात तेव्हा शतकभर मुरलेले हे लाकूड जळणाच्या भावाने जाते, याचे मला मनापासून दुःख होते. म्हणून सामान मोडीत निघाल्याची वार्ता कारागिराच्या कानी घालण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. सध्या भगूरच्या एका सुताराने कपाटाच्या काही रुंद फळ्या बाजूला काढून ठेवल्या आहेत. त्यांच्या रेषा उभ्या आहेत की आडव्या, हे दिवाळीनंतर कारागीर येऊन पाहणार आहे.