लबाडीने लढणारा योद्धा कसा घडवायचा? 'पाथफाइंडर'मधल्या हुलकावणीचं गणित

डावीकडे वार करतोय असं दाखवायचं आणि तलवार उजवीकडून घालायची. सिनेमात हे दृश्य भारी दिसतं. म्हणूनच फँटसी रोल-प्लेइंग गेम खेळायला बसलेल्या अनेकांना पहिलं पात्र असंच हवं असतं: गोड बोलणारं, थापा मारणारं आणि शत्रू गाफील असताना वार करणारं.

पण कागदावर झकास वाटणारं हे पात्र लढाईत बऱ्याचदा निकामी ठरतं. चार जणांच्या टोळीत एकाची पाळी वारंवार वाया गेली, की मार बाकीच्या तिघांना खावा लागतो. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, हे 'पाथफाइंडर' या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

हा खेळ काय आहे?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे निर्माते. त्याच परंपरेतला 'पाथफाइंडर' पैझो ही कंपनी काढते. त्याची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि २०२३ पासून तिची सुधारित पुस्तकं निघू लागली.

एक जण 'गेम मास्टर' होऊन जग आणि शत्रू सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन खेळतात. काही जमलं की नाही, हे २० बाजूंच्या फाशावर ठरतं. फाशाचा आकडा अधिक पात्राचं कौशल्य ही बेरीज ठरलेल्या लक्ष्याइतकी किंवा जास्त झाली, की काम फत्ते. बेरीज लक्ष्यापेक्षा १० ने जास्त झाली तर दणदणीत यश, १० ने कमी पडली तर दणदणीत अपयश. फाशावर थेट २० पडले तर निकाल एक पायरी वर जातो, १ पडला तर एक पायरी खाली.

लढाईत प्रत्येकाला एका पाळीत ३ कृती मिळतात. चालणं, वार करणं, ढाल उचलणं, प्रत्येकाला साधारण एक कृती लागते. लबाडीचा सगळा हिशोब या तीन कृतींवर चालतो.

हुलकावणी नियमात कशी बसते?

खो-खोत किंवा कबड्डीत देतात तीच ही हुलकावणी. खेळात तिला 'फाइंट' म्हणतात. तिला एक कृती लागते आणि शत्रू वाराच्या टप्प्यात असावा लागतो. खेळाडू 'डिसेप्शन' म्हणजे फसवणुकीच्या कौशल्याने फासा टाकतो. लक्ष्य असतं शत्रूच्या 'परसेप्शन'वरून, म्हणजे सावधपणावरून ठरलेला आकडा.

डाव जमला, तर त्याच पाळीतल्या पुढच्या वारासाठी शत्रू 'ऑफ-गार्ड', म्हणजे बेसावध होतो. त्याचा बचावाचा आकडा, म्हणजे 'आर्मर क्लास', २ ने उतरतो. दणदणीत अपयश आलं, तर मात्र फसवणाराच त्या शत्रूपुढे बेसावध ठरतो.

इथेच पहिली अडचण दिसते. एक कृती घालवायची, ती फसण्याचा धोका पत्करायचा आणि मिळणार काय, तर एका वारापुरती २ ची सवलत. साध्या योद्ध्याला हा सौदा क्वचितच परवडतो. त्या कृतीत दुसरा वार केला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

मग हुलकावणी कुणाला परवडते?

बेसावध शत्रूवर वार करून ज्याचा मोठा फायदा होतो, त्याला. खेळात 'रोग' नावाचा वर्ग आहे. आजाराशी त्याचा संबंध नाही, हा इंग्रजी शब्द भामट्यासाठी आहे. भामट्याचा वार बेसावध शत्रूला लागला, की 'स्नीक अटॅक'चं जादा नुकसान होतं. पहिल्या पातळीवर ते सहा बाजूंच्या एका फाशाइतकं असतं. ५ व्या पातळीवर दोन, ११ व्या पातळीवर तीन आणि १७ व्या पातळीवर चार फासे मिळतात.

भामट्यातही 'स्काउंड्रल' हा प्रकार खास थापाड्यांसाठी आहे. त्याची हुलकावणी एका वारावर संपत नाही. ती जमली, की त्याच्या सगळ्या जवळच्या वारांसाठी शत्रू बेसावध होतो आणि त्याची पुढची पाळी संपेपर्यंत तसाच राहतो. दणदणीत यश मिळालं, तर त्या शत्रूवर जवळून वार करणाऱ्या साथीदारांनाही तोच फायदा मिळतो.

आकडे काय सांगतात?

समजा, पहिल्या पातळीचा स्काउंड्रल आहे. डिसेप्शन +७, वार +६, हातात आखूड तलवार, अंगात जादा ताकद नाही. समोरच्या शत्रूचा आर्मर क्लास १६ आणि परसेप्शनचं लक्ष्यही १६.

हुलकावणी न देता दोन वार केले, तर सरासरी नुकसान साधारण ३.५ होतं. पहिला वार ५५ टक्के वेळा बसतो. दुसऱ्या वाराला नियमानुसार ४ ची घट असल्यामुळे तो ३५ टक्क्यांवर येतो.

आधी हुलकावणी आणि मग एकच वार केला, तर हुलकावणी ६० टक्के वेळा जमते. ती फसण्याची शक्यता धरूनही सरासरी नुकसान ४.२ पर्यंत जातं. फरक थोडा आहे, पण खरी कमाई पुढच्या पाळीत आहे. शत्रू अजून बेसावध असतो, त्यामुळे नव्याने काही न करता दोन वारांचं सरासरी नुकसान ९.१ होतं. म्हणजे साध्या दोन वारांच्या अडीचपटीहून जास्त.

२ ची सवलत दणदणीत वारासाठीही मोलाची ठरते. या उदाहरणात पहिला वार दणदणीत बसण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर जाते. असा वार दुप्पट नुकसान करतो आणि त्यात स्नीक अटॅकही दुप्पट होतो.

करिश्मा वाढवावा की चपळाई?

डिसेप्शन 'करिश्मा' या गुणावर चालतं. आखूड तलवारीसारख्या हलक्या शस्त्राचा वार 'डेक्स्टेरिटी' म्हणजे चपळाईवर करता येतो. स्काउंड्रलला दोन्हींपैकी कोणताही गुण मुख्य ठेवता येतो. मुख्य गुण सुरुवातीला +४ पर्यंत जातो, दुसरा +३ पर्यंत.

वरच्या उदाहरणात करिश्मा मुख्य होता. त्याऐवजी चपळाई +४ आणि करिश्मा +३ ठेवला, तर हुलकावणीची शक्यता ६० वरून ५५ टक्क्यांवर येते, पण हुलकावणी आणि एका वाराचं सरासरी नुकसान ४.२ वरून ४.६ च्या आसपास जातं. कारण साधं आहे: हुलकावणी एकदा द्यायची असते, वार पुन्हा पुन्हा करायचे असतात. लढाई महत्त्वाची असेल तर चपळाई मुख्य ठेवावी. दरबारातली बोलणी, वेषांतर आणि वाटाघाटी जास्त असतील तर करिश्मा.

हुलकावणी कधी देऊ नये?

एक, साथीदार शत्रूच्या बरोबर पलीकडे उभा असेल तेव्हा. दोघांनी शत्रूला मध्ये घेतलं, की तो तसाही बेसावध होतो. बेसावधपणा दोनदा मोजला जात नाही. तिथे हुलकावणी देणं म्हणजे फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे भरणं.

दोन, समोरच्याला मनच नसेल तेव्हा. हुलकावणी हा मनावरचा परिणाम मानला जातो. सांगाडे, झोम्बी यांसारख्या बुद्धिहीन शत्रूंवर तो चालत नाही. थडग्यांच्या तळघरात नुसता थापाड्या योद्धा हात चोळत बसतो.

त्यासाठी दुसरी वाट आधीच तयार हवी. शत्रूला मध्ये घेणं ही सोपी वाट. 'ट्विन फाइंट' ही पहिल्या पातळीची खुबी ही दुसरी. दोन कृतींत दोन हातांतल्या दोन शस्त्रांनी एकाच शत्रूवर वार करायचे, दुसऱ्या वाराला तो आपोआप बेसावध असतो. नावात हुलकावणी असली तरी डिसेप्शनचा फासा टाकावा लागत नाही. तिसरी वाट लढाईच्या सुरुवातीला मिळते. भामट्याने पाळीचा क्रम ठरवताना डिसेप्शन किंवा लपण्याचं कौशल्य वापरलं असेल, तर पहिल्या फेरीत ज्यांची पाळी आलेली नाही ते शत्रू त्याच्यापुढे बेसावध असतात.

टोळीला काय मिळतं?

दुसऱ्या पातळीवर स्काउंड्रलला 'डिस्ट्रॅक्टिंग फाइंट' ही खुबी घेता येते. तिच्यामुळे हुलकावणीत सापडलेल्या शत्रूच्या चटकन बाजूला होण्याच्या क्षमतेतही २ ची घट होते. आगीचा गोळा फेकणाऱ्या जादूगाराला नेमकं हेच हवं असतं. म्हणून स्काउंड्रलची पाळी जादूगाराच्या आधी आली, तर दोघांचाही फायदा होतो.

'डीअँडडी'मध्ये हेच चालेल का?

नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत डिसेप्शन हे कौशल्य आहे, पण त्याने हुलकावणी देऊन वार करण्याचा सर्वसाधारण नियम नाही. तिथे सगळी मेहनत डिसेप्शनवर घातली, तर तलवारीला काहीच मिळत नाही. त्यापेक्षा 'बॅटल मास्टर' योद्धा घ्यावा. त्याच्या हुलकावणीला फासाच लागत नाही, मोजक्या 'सुपीरियॉरिटी' फाशांपैकी एक खर्च होतो. किंवा 'स्वॅशबकलर' भामटा घ्यावा. शत्रूशी एकास एक भिडल्यावर त्याला स्नीक अटॅक मिळतो.

लबाडी कुणाशी करायची?

थापाड्या पात्राचा सर्वांत मोठा धोका नियमात नसतो. खेळाडू साथीदारांच्याच वस्तू ढापू लागला, त्यांच्याशी खोटं बोलू लागला आणि 'माझं पात्रच तसं आहे' म्हणू लागला, की खेळ मोडतो. पहिल्या सत्राआधी सगळ्यांनी बसून मर्यादा ठरवण्याची पद्धत आहे, तिला 'सेशन झिरो' म्हणतात. हे पात्र कुणाला फसवेल आणि कुणाला कधीच नाही, हे तिथेच सांगून टाकावं.

पात्र पक्कं करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हुलकावणीला किती कृती लागतात? ती किती वेळ टिकते? जमल्यावर वार किती जड होतो? आणि समोरचा फसणाराच नसेल, तर काय करायचं? चारही उत्तरं कागदावर लिहिता आली, तर हा भामटा टोळीला जड होणार नाही.