फोटो काढणारी माणसं

गेल्या शनिवारी सकाळी मामाचा फोन आला. मामा स्वतः कधी फोन लावत नाही, मामीला लावायला सांगतो आणि मागून बोलतो. त्यामुळं उचलतानाच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"आरं, तुझ्या बहिणीला जरा समजाव. बारावीला चांगले मार्क पडलेत आणि म्हणती एक्स-रेचा कोर्स करणार. तू इंजिनिअर झालास, आणि ही काय जन्मभर दवाखान्यात फोटो काढत बसणार?"

मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि त्या किरणांनी पुढं पोरंबाळं होत नाहीत म्हणतात. लग्न कोण करील?"

मामा वालचंदनगरला असतो. कारखान्याच्या वेल्डिंग शॉपमधून रिटायर झालाय. बहीण त्याची धाकटी. मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. समजवायचं म्हणजे आधी आपल्याला कळायला हवं ना! म्हणून शनिवार-रविवार वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते हे.

माझी या विषयाशी ओळख तशी जुनी. २००६ साली, नऊ वर्षांचा असताना, उसाच्या ट्रॉलीला मागून लटकून जायचा उद्योग केला आणि हात मोडून घेतला. (इंदापूर-बारामतीकडच्या लोकांना हा उद्योग वेगळा सांगायला नको.) तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात हाताचा फोटो काढला. पहिला हलला. दुसरा काळाठिक्कर आला. तिसरा जमला, तो ओलाच क्लिपला लावून खिडकीत वाळत घातला, आणि मी त्यातून पलीकडचं लिंबाचं झाड बघत बसलो. त्या वयात ती मज्जा वाटली होती. आज कळतं की एका पोराला एकाऐवजी तीनदा किरण दिले गेले, कारण यंत्रावर बसलेल्या माणसाला कुणी नीट शिकवलंच नव्हतं.

तर, इतिहास. ८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतलं वुर्झबर्ग गाव. विल्हेम रोंटजेन काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीतून वीज सोडत होते, आणि लांब ठेवलेला रसायन लावलेला पडदा चमकायला लागला. कसले किरण ते कळेना, म्हणून नाव दिलं एक्स, म्हणजे अज्ञात. मराठीत बीजगणितातला अज्ञात म्हणजे 'क्ष', म्हणून आपले क्ष-किरण. मला हे भाषांतर फार आवडतं, रोंटजेनचा मुद्दा त्यात सहीसलामत उतरलाय. २२ डिसेंबरला त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट. पेटंट घेतलं नाही. १९०१ सालचं भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं.

पेटंट नसल्यानं वर्षभरात जगभर यंत्रं झाली. ती चालवायची कुणी? ज्याला वीज कळते त्यानं. सुरुवातीचे एक्स-रेवाले म्हणजे फोटोग्राफर, इलेक्ट्रिशियन आणि हौशी डॉक्टर. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत वायव्य सरहद्दीवर इंग्रजांच्या एका लष्करी सर्जननं यंत्र नेलं होतं, जखमींच्या अंगातल्या गोळ्या शोधायला. त्याच वर्षी सुदानमध्ये मेजर बॅटर्सबी यांनी तर बॅटऱ्या चार्ज करायला दोघांची सायकल जुंपली! दोन सैनिक पॅडल मारतायत आणि त्या विजेवर तिसऱ्याचं हाड दिसतंय. आपल्याकडं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेहराडूनला एक्स-रे इन्स्टिट्यूट निघाली, ती या लष्करी गरजेतूनच.

आता मामाच्या भीतीकडं येतो, कारण ती भीती खोटी नाही. या पहिल्या लोकांची अक्षरशः बोटं गळून पडली. नळी नीट चालतेय का बघायला ते स्वतःचा हात मध्ये धरायचे. रोज. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली याचे आधी हात कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला. त्याची अवस्था बघून एडिसननं एक्स-रेचा नादच सोडला होता. जर्मनीत हॅम्बुर्गला १९३६ साली एका हॉस्पिटलच्या आवारात अशा लोकांचं स्मारक उभारलं. पहिल्या दिवशी त्यावर १६९ नावं होती, पुढं ती वाढत गेली. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, सगळे एकाच दगडावर. म्हणजे 'किरण वाईट' ही गोष्ट लोकांनी उगाच उठवलेली नाही, ती कुणीतरी अंगावर सोसून आपल्याला सांगितलेली आहे. आणि याच लोकांमुळं १९२८ साली स्टॉकहोमला संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी समिती झाली.

शिक्षणाची गोष्ट मात्र पहिल्या महायुद्धात सुरू होते, आणि ती बायकांची आहे. मेरी क्यूरीनं गाड्यांवर एक्स-रे यंत्रं चढवली आणि आघाडीवर नेली. गाड्या मिळाल्या, चालवणारे मिळेनात, पुरुष खंदकात होते. मग तिनं १९१६ पासून पॅरिसला मुलींचे वर्ग काढले. थोडी वीज, थोडं शरीरशास्त्र, थोडं प्रत्यक्ष काम. साधारण दीडशे जणी तयार झाल्या. क्यूरीची मुलगी इरेन तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीसची, म्हणजे माझ्या बहिणीएवढी, आणि ती शिकवायला होती. पुढं १९२० साली इंग्लंडात रेडिओग्राफर लोकांची सोसायटी स्थापन झाली आणि 'यंत्रावर बसणारा पोऱ्या' हळूहळू व्यावसायिक झाला.

मध्ये बरंच काही झालं, ते भराभर सांगतो. कूलिजची नळी १९१३. सीटी स्कॅनवर पहिला पेशंट १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनजवळ. तो बनवणारे हाऊन्सफिल्ड इंजिनिअर होते, आधी कॉम्प्युटर बनवायचे, विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल. (आमच्या जमातीतला माणूस, म्हणून सांगितल्याशिवाय राहवलं नाही :-) ) मग फिल्म गेली, डार्करूम गेली, डेव्हलपर-फिक्सरचा वास गेला, फिल्ममधल्या चांदीसाठी जुने फोटो विकत घेणारे भंगारवालेही कमी झाले. फोटो फाईल झाला आणि नेटवर्कवरून धावायला लागला.

भारतात या लोकांच्या शिक्षणाचं चित्र बरीच वर्षं विस्कळीत होतं. कुठं सर्टिफिकेट, कुठं डिप्लोमा, कुठं नुसतं 'साहेबांच्या हाताखाली शिकला'. सगळ्यांसाठी एक केंद्रीय कायदा यायला २०२१ उजाडलं. त्यात रेडिओलॉजी-इमेजिंगच्या तंत्रज्ञांना पहिल्यांदा देशपातळीवर व्यावसायिक म्हणून जागा मिळाली. रोंटजेननंतर सव्वाशे वर्षांनी! महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे १९९८ साली झालेल्या आपल्या विद्यापीठाची, पॅरामेडिकल पदवी आहे. तीन वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. बहिणीला हीच हवी आहे. सरकारी भरतीत या खात्यातल्या एका पदाचं नाव 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी' असं आहे, हे मामाला मुद्दाम सांगायचं ठरवलं.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. इंग्लंडात रेडिओग्राफर पुढचं शिक्षण घेऊन सोनोग्राफी करतो. आपल्याकडं तो करू शकत नाही, डॉक्टरच लागतो. कारण तांत्रिक नाही. आपण त्या यंत्राचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, केंद्राचा १९९४ ला आला. आणि तरीही राज्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागं मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. लोकांनी केलेल्या पापामुळं एका अख्ख्या व्यवसायाचं एक दार बंद राहिलं. ते बंद आहे ते बरोबरच आहे, असं माझं मत.

रविवारी संध्याकाळी बहिणीला फोन केला. म्हटलं, मामा म्हणतो फोटो काढणं म्हणजे काय शिकायचंय, बटण तर दाबायचं.

ती फिस्कारली. "दादा, छातीचा एक्स-रे पाठीकडनं का काढतात सांग."

मला काय माहीत!

"हृदय पुढच्या बाजूला असतं. छाती फिल्मला टेकवली की ते फिल्मच्या जवळ येतं, सावली मोठी पडत नाही. आणि नळी सहा फूट लांब ठेवायची ती पण त्याच्यासाठीच. जवळनं काढला तर चांगल्या माणसाचं हृदय मोठं दिसल." मग म्हणाली, "आणि आजीच्या वेळी काय झालेलं आठवतंय ना?"

आठवतंय. आजीला खोकला होता, टीबीची शंका होती. दवाखान्यातला माणूस म्हणाला मंगळसूत्र काढा. आजीनं काढलं नाही, तो परका पुरुष, ती लाजून आक्रसून उभी राहिलेली. त्यानं कंटाळून तसाच काढला. नेमकं छातीवर मण्यांची माळ आणि वाट्यांचे दोन पांढरे ठिपके. परत बारामतीला जाऊन काढावा लागला. बहिणीनं तेव्हाच ठरवलं होतं म्हणे. गावाकडच्या बाईला 'पाळी कधी आली होती' हे सासूसमोर विचारायचं नसतं, आत नेऊन विचारायचं असतं. एक्स-रेआधी ते विचारावं तर लागतंच, पोटात बाळ असलं तर? आणि एमआरआयच्या खोलीत तर नुसत्या संकोचानं भागत नाही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या महापालिकेच्या एका हॉस्पिटलात पेशंटबरोबर आलेला तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि चुंबकानं खेचला जाऊन जिवाला मुकला. दारात उभं राहून 'नाही' म्हणणारा शिकलेला माणूस लागतो, तो यासाठी.

एआयबद्दल मीच विचारलं, आमचा धंदाच तो. जेफ्री हिंटन २०१६ साली म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं. अजून कुणी थांबवलेलं नाही. टीबीसाठी छातीचे फोटो वाचणारी सॉफ्टवेअर मात्र खरंच आली, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली पंधरा वर्षांवरच्यांसाठी त्यांना मान्यता दिली. पण फोटोतले मणी काढून टाकायला सॉफ्टवेअर ऊसतोडीच्या कोपीपर्यंत चालत जात नाही. हातात धरायचं एक्स-रे यंत्र निघालंय, ते धरणारं कुणीतरी लागतंच.

मग मामाला फोन लावला. इतिहास वगैरे सांगितला नाही. एवढंच विचारलं, "मामा, तुमच्या शॉपमध्ये वेल्डचा एक्स-रे व्हायचा ना?"

मामा एकदम खुलला. व्हायचा म्हणजे काय! वालचंदनगर म्हणजे नुसता साखर कारखाना नव्हे. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस लावून सुरुवात केली खरी, पण पुढं अणुभट्ट्यांचे भाग आणि इस्रोच्या रॉकेटचे मोटर केसिंग इथं बनले. असल्या कामात वेल्डच्या पोटात केसाएवढी भेग चालत नाही, आणि ती बाहेरून दिसत नाही. मामा सांगत होता, रात्री शॉप रिकामं करायचे, दोरी बांधायचे, लाल दिवा लावायचे, मग रेडिओग्राफीवाले यायचे. "फिल्म बघून तो माणूस हो म्हणल्याशिवाय जॉब हलायचा नाही. साहेब असला तरी."

"ती तेच शिकायला निघालीय. जॉब माणसाचा, एवढाच फरक."

पलीकडं शांतता. मग, "पण ती दोरी कशाला बांधायचे मग? किरण वाईटच की."

भीती इथं रुतली होती तर. वेल्डसाठी बऱ्याचदा इरिडियमसारखा किरणोत्सारी तुकडा वापरतात, तो बंद करता येत नाही, नुसता डबीत परत ओढून घेता येतो. दवाखान्यातली नळी विजेवर चालते, बटण सोडलं की किरण संपले, दिवा मालवल्यासारखे. काम करणाऱ्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे, पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीचा एक फोटो पेशंटला ०.१ किंवा त्याहून कमी देतो, आणि ही तर काचेमागं उभी असणार. दिवस गेल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी वेगळी मर्यादा, फक्त १. आणि हे सगळं मोजायला प्रत्येकाला बिल्ला मिळतो, ठरावीक दिवसांनी तो तपासणीला जातो. जास्त भरला तर का भरला, हे विचारलं जातं.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मागून मामीचा आवाज आला, "काय म्हणतोय तो?"

"थांब गं," मामा म्हणाला. मग मला, "तो बिल्ला कुठं लावायचा असतो?"

"छातीवर. शिशाच्या एप्रनच्या आतून."

"आतून व्हय," मामा म्हणाला. "फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे ते तिला विचारतो."